याकोबमामांची पेटी

याकोबमामा सकाळी आइसपॅक कानाला लावून उभे असत. आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्याला वाटायचं, म्हातारा फोनवर बोलतोय. मामा आइसपॅक हलवायचे, ऐकायचे आणि परत टेबलावर ठेवायचे. "अजून मुकं हाय. पानी बोल्लं पायजे."

कोपरगावकडच्या आमच्या उपकेंद्रांवर मोटारसायकलने लशीची पेटी पोचवणं, हे मामांचं काम. फ्रीजरमधला दगडासारखा आइसपॅक थेट पेटीत घातला, की काही लशी गोठून वाया जातात. म्हणून आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं, असा नियम. नियम सगळ्यांसाठी भिंतीवर टांगलेला. पाळायचे एकटे मामा. बाकीच्यांचा समज असा, की जितका बर्फ जास्त, तितकी काळजी जास्त.

एकदा नवे डॉक्टर वैतागले. "मामा, ही लस आहे की कुल्फी?"

"कुल्फी व्हऊ ने म्हनूनच थांबलोय, सर."

मी उपकेंद्रावरची नर्स. पेटीची वाट पाहून बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या, मी मामांच्या.

मार्चमध्ये एक दिवस मामा दाढ काढायला गेले. पेटी दुसऱ्याच कुणी भरून पाठवली, तीही चक्क वेळेवर! मी खूश. चौदा बाळं ओळीने बसलेली. मी पहिली सुई भरणार, तेवढ्यात गालाला रुमाल बांधलेले मामा दारात. रजा होती, पण त्यांना राहवलं नव्हतं. त्यांनी आइसपॅक काढून हलवला. आवाजच नाही. मग लशीची एक बाटली हलवून टेबलावर ठेवली. थोड्याच वेळात पांढरा गाळ तळाशी बसला, वर नितळ पाणी.

"सिस्टर, ही गोठून मेली."

"अहो, चौदा जणी बसल्यात! आता काय सांगू त्यांना?"

"खरं सांगा. सुई टोचली तर पोराला दुखंल तेवढंच. फायदा कायच न्हाई. आन् आईला वाटंल, काम झालं."

बायका माझ्यावर तोंडसुख घेऊन पुढच्या आठवड्याचं ठरवून गेल्या. ऊसतोड टोळीतली सुनीता मात्र उठेना. "कारखाना आज बंद व्हतोय, ताई. आमी उद्या गावाकडं निघालो." तिच्या मुलीचा आधीचाही डोस हुकला होता.

"तू जा कामावर. लस तिथं यील," मामा म्हणाले.

ते नवी पेटी घेऊन आले, तेव्हा चार वाजले होते. घाई असली तरी पाणी बोलल्याशिवाय ते निघाले नव्हतेच. मला मागे बसवून त्यांनी गाडी थेट टोळीच्या झोपड्यांपाशी नेली. मी सुई टोचली. पोरीने आकांत मांडला आणि नेमकी तेव्हाच मुकादमाने शेवटची ट्रॉली भरायला हाक दिली. सुनीता पोरीला घेऊन घुटमळली.

मामांनी हात पुढे केले. "जा. मी हाय."

लस दिल्यावर अर्धा तास बाळावर लक्ष ठेवायचं असतं. मामा खांद्याशी पोर धरून बांधावर येरझाऱ्या घालत राहिले. काहीतरी गुणगुणत होते. चर्चमधलं असावं. सुनीता परतली तेव्हा पोर शांत झोपली होती. तिने हात पसरले.

"ऱ्हाऊ दे जरा," मामा हळूच म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."

अर्धा तास केव्हाच उलटला होता. मी म्हटलं, "मामा, घरी नाही का जायचं?"

"घराला कुलूप हाय, सिस्टर."

सुनीताने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पोर तशीच त्यांच्याकडे ठेवून ती सामान बांधायला लागली. मीही मग तिची भांडी पोत्यात भरू लागले.