लिमयांचं कंदीलपुष्प

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीतले लिमये दर भाद्रपदात पाठलाग चुकवत फिरतात. पाठलाग कोणीच करत नसतं, ही गोष्ट वेगळी. जायचं असतं नेऱ्याला, पण गृहस्थ आधी कामोठ्याला जाणार, तिथे उगाच केळी घेणार आणि मग उलटे फिरून नेऱ्याची रिक्षा पकडणार. का, तर माळावरचं एक फूल बघायला!

"नुसतं फूल नाही, जोशी. कंदीलपुष्प. दुर्मीळ आहे."

कंदिलाच्या आकाराचं, बोटाच्या पेराएवढं फूल. गवतात उगवतं. कुठे, ते विचारायचं नाही. "जागा सांगितली की फूल मेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोटोवाले तुडवतात, कंद खाणारे खणून नेतात. तेही खोटं नाही. पण लिमयांनी स्वतः काढलेल्या फोटोतसुद्धा मागचा डोंगर येऊ दिला नव्हता. तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर कोणीतरी विचारलं, "कुठल्या नर्सरीत मिळतं?" लिमयांनी त्याच मिनिटाला ग्रुप सोडला.

माळ वाचवू म्हणणारं एक निसर्गमंडळ पत्ता मागायला घरी आलं, तर यांनी त्यांना चहा पाजून भलत्याच डोंगरावर धाडलं. बिचारे दिवसभर चिखल तुडवून परतले. त्यानंतर आठवडाभर लिमयांची स्वारी खुशीत होती.

यंदा गेले, तर माळावर जेसीबी फिरलेला. नव्या फार्महाऊससमोर हिरवंगार लॉन. लिमये जमीनमालक म्हात्र्यांवर जाम ओरडले. म्हात्रे ऐकून घेऊन म्हणाले, "काका, आदी बोलला असता त येवढा कोपरा सोडला असता. आमाला काय ठाव? तुमी त इचारला तरी बोलायचा, हवा खायला आलोय."

जागा इतकी जपली, की वाचवायच्या वेळी ती कोणाला माहीतच नव्हती. हे मी त्यांना ऐकवणारही होतो. पण दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. म्हणाले, "चला, जागा दाखवतो."

म्हात्र्यांनी फाटक उघडून दिलं. लिमये लॉनच्या एका टोकाला जाऊन थांबले.

"इथे. आमच्या हिला, सुमनला दिसलं होतं पहिल्यांदा. तीच म्हणाली, कोणाला सांगायचं नाही, आपल्या दोघांतच ठेवायचं. ती गेल्यावर मी एकटाच राहिलो, जोशी, ही जागा माहीत असलेला."

ते गुडघे धरत खाली बसले.

"असं बसायचं. ऊन मागून आलं की आतून पेटल्यासारखं दिसतं. बघा."

ओल्या लॉनवर मी त्यांच्याशेजारी बसलो आणि ते बोट दाखवत होते तिकडे बघत राहिलो.