तरेशेठच्या पोराची मुलाखत

पूर्णा गावच्या हितेश तरेचा एम.एस्सी. केमिस्ट्रीचा निकाल लागला आणि त्याच दिवशी त्याने घरात जाहीर केलं, की नोकरी औषध कंपनीतच करणार आणि तीही स्वतःच्या हिमतीवर. वडिलांचं नाव कुठेही सांगणार नाही.

वडील तुळशीराम म्हणाले, "नको सांगू. पण जेवून जा."

मानकोलीतल्या एका औषध कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलं. मोठं गोदाम आणि त्यातच तपासणीची लॅब. हितेश पाच वर्षं मुंबईला हॉस्टेलवर होता. तेवढ्या काळात तुळशीरामनी भाताच्या खाचरांवर चार गोदामं उठवून भाड्याने दिली होती आणि त्यातलंच हे एक, याचा त्याला पत्ताच नव्हता.

गेटवर वॉचमनने रजिस्टरमधलं नाव वाचलं. "तरे? पूर्णा के?"

"हां."

वॉचमनने खुर्ची सोडून सलाम ठोकला आणि आत फोन लावला. बाकीचे अकरा उमेदवार बाकावर घाम पुसत राहिले आणि हितेश थेट मॅनेजर राऊतांच्या एसी केबिनमध्ये पोचला. समोर शहाळं आलं. आपला बायोडेटा यांनी नीट वाचलेला दिसतोय, असं त्याला वाटलं.

"बरं झालं, तुम्ही स्वतः आलात," राऊत म्हणाले. "दोन पावसाळे छत गळतंय. आत ओलावा किती वाढला असेल, कल्पना आहे तुम्हाला?"

मुलाखत सुरू झाली तर! हितेश सावरून बसला. "सर, ओलाव्याने गोळ्या मऊ पडतात, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. अशा छताखाली औषध ठेवणंच चूक आहे."

राऊत बघतच राहिले. दोन वर्षं फोन करूनही मालक जे मान्य करत नव्हता, ते त्याचा मुलगा शहाळं पिता पिता बोलत होता.

"मग उपाय काय?"

"छत बदलायचं. डागडुजी चालणार नाही."

"अख्खं?"

"अख्खं, सर."

"हे लिहून द्याल?"

ही लेखी परीक्षा, हे हितेशने लगेच ओळखलं. त्याने आकृतीसकट दोन पानं भरली आणि खाली तारीख घालून झोकात सही केली. राऊत त्याला बाइकपर्यंत सोडायला आले. घरी येऊन त्याने आईला, कमळला, सांगितलं, "नोकरी झालीच समज."

संध्याकाळी तुळशीराम ओटीवर बसून मोबाइलवर आलेलं काहीतरी वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हितेश, चार नंबरच्या गोदामाचा सगला पत्रा बदलाचा, असं मी कवा कबूल केलं?"

"कुठलं चार नंबर?"

"मानकोलीचं. ही सही तुझी हाय का न्हाय?"

हितेशने पाहिलं. सही त्याचीच होती. आकृतीही झकास आली होती. सकाळचं शहाळं, सलाम, बाइकपर्यंतची सोबत, सगळ्याचा अर्थ त्याला एकदम लागला आणि कान गरम झाले.

कमळ वाकून बघत म्हणाली, "अक्षर मात्र सुंदर हाय पोराचं."

तेवढ्यात हितेशच्या फोनवर कंपनीचा ईमेल आला. 'आपण आजच्या मुलाखतीस गैरहजर राहिल्याने आपला अर्ज रद्द करण्यात येत आहे.' त्याने तो दोनदा वाचला आणि वडिलांपुढे धरला.

तुळशीरामनी ईमेल वाचला. मग त्यांनी पत्रेवाल्याला फोन लावून सकाळी मानकोलीला बोलावलं आणि पोराकडे वळले.

"आठ दिवस पत्र्यावर उभा रहा. खाली त्यांची लॅब हाय ना? रोज वरनं वरडून सांग, हजर हाय म्हणून."