मास्तरांचा उजवा खांदा

वकिलांच्या नव्या कोटाला टाचण्या लावता लावता टेलरमास्तर जोरात शिंकले, आणि त्यांची मान डावीकडे वळली ती तिथेच राहिली.

"मास्तर, मी इकडे आहे," वकील म्हणाले.

"ठाऊक आहे," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले आणि पुढची टाचणी त्यांनी अंदाजाने वकिलांच्या दंडात खुपसली.

कोट सोमवारी कोर्टात हवा, असं बजावून वकील दंड चोळत निघून गेले. मागोमाग मुख्याध्यापिका आल्या. "माझ्याकडे बघून बोला," असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा न सांगता कापड उचलून समोरच्या दुकानाची पायरी चढल्या. संध्याकाळी मास्तरांनी तिरक्या नजरेने वकिलांच्या कोटाची बाही कापली. ती बाही कमी आणि होडीचं शीड जास्त दिसत होती.

"आता तरी त्या ऑस्टिओपॅथकडे चला," बायको म्हणाली. "माझ्या गुडघ्याला त्यांच्यामुळेच आराम पडला ना? जिना चढते की नाही मी?"

"तो हाडं कुरवाळणारा? गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसता हात फिरवतो. हात तर मीही रोज कापडावर फिरवतो!"

"फिरवता खरा," बाही उचलून दाखवत ती म्हणाली.

त्या भोंदूचं पितळ उघडं पाडायचं, या निश्चयाने मास्तर गेले. ऑस्टिओपॅथने मान, पाठ, बरगड्या सावकाश चाचपल्या.

"दिवसाचे किती तास वाकून बसता?"

"शिंप्याने काय उताणं पडून शिवायचं?"

"मानेचं निमित्त झालं. मुळात तुमचा उजवा खांदा आखडून खाली उतरलाय. बरीच वर्षं झाली असावीत."

"तीस वर्षं मी गावाचे खांदे मोजतोय! माझा खांदा मला तुम्ही सांगणार?"

ऑस्टिओपॅथने खांद्याखाली हात घातला. कुठेतरी कडकन वाजेल आणि आपल्याला भांडता येईल, म्हणून मास्तर वाट बघत राहिले. काही वाजलं नाही. वाजलं ते मास्तरांचं घोरणं.

उठले तेव्हा मान निम्मी वळत होती. बाही नव्याने कापून झाली, सोमवारी कोट कोर्टात पोचला. पुढे आणखी चार वेळा जाणं झालं, भिंतीला पाठ लावून करायचे व्यायामही झाले, तेही दार लोटून. रोज संध्याकाळी उठणारी डोकेदुखी थांबली, वरच्या फळीवरचा तागा स्टुलाशिवाय निघू लागला. कुणी विचारलंच तर मास्तर नाक मुरडून म्हणत, "हवा बदलली, दुसरं काय!"

मग व्यापारी संघाच्या सभेसाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी स्वतःच्या मापाने शिवलेला खास कोट अंगात चढवला आणि आरशासमोर उभे राहिले. उजवी बाजू वर चढली होती आणि कॉलर मानेला घासत होती.

"बघ! चांगला कोट बिघडवला त्या माणसाने!"

"कोटाला त्यांनी हात तरी लावला का?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी आरशात कोट पाहिला. मग कोटाच्या आतला माणूस पाहिला. बराच वेळ पाहिला. कोट उतरवून ते मशीनपाशी बसले आणि त्यांनी उजव्या खांद्याची शिवण उसवायला घेतली.

"आधी शटर ओढ. कुणी आलं तर सांग, गिऱ्हाइकाचं अर्जंट काम आहे."

"कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

"आहे एक वाकडा," मास्तर म्हणाले.