राखीव गोलरक्षक बाकावरून उठले, ते मोहिमेची हकीकत

शौर्य लिहिणारास आधी नफा पाहावा लागतो. सबब प्रथम नमूद करणे ऐसे की, या मोहिमेत आमचे राखीव गोलरक्षकसाहेब यांस मिळावयाचे ते दोनच लाभ. क्लबाचे दप्तरी त्यांचे नाव अकरा वर्षे सुटे चेंडू, फाटकी जाळी व हवेचा पंप यांचे शेजारी ‘राखीव सामान’ या सदरी पडिले होते, ते उचलोन ‘खेळाडू’ या सदरी जावे, हा एक. आणि घरी सासरेबुवांचे तोंड बंद व्हावे, हा दुसरा. पहिल्यास एक सामना पुरे होता. दुसऱ्यास किती पुरतील, हे खुद्द सासूबाईंसही ठाऊक नव्हते.

त्यास अकरा वर्षांत एकही सामना न लाभण्याचे कारण थोरले गोलरक्षक. पुरुष अजिंक्य, ताप त्यांस शिवेना, सर्दी दारावरून मुजरा करोन पुढे जाई, आणि एके समयी गनिमाचा गुडघा त्यांचे बरगडीवर आदळिला तो गुडघाच निकामी जाहला. मग राखीव साहेब बाकावर उशी घालोन बसत. ऊन बसोन सोसले, विजय बसोन पाहिले आणि शिकस्तही बसोनच खाल्ली, आणि हातमोज्यांस किमतीची चिठ्ठी तैशीच लोंबत राहिली.

सासरेबुवा ही मातबर असामी, मुक्काम आरामखुर्ची. पाहुण्याने पुसावे, “जावई काय करतात?” तो उत्तर तयार, “बसतात. पगारी!” आणि एके दिवशी भर पाहुण्यांत करार जाहीर केला की, “जावईबापू ज्या दिवशी मैदानात उतरतील ना, त्या दिवशी मी या खुर्चीतून उठून सगळ्यांना चहा करीन.” त्यावर कन्या, म्हणजे राखीव साहेबांची बायको, इतकेच म्हणाली, “बाबा, गॅस कुठून पेटवतात ते तरी शिकून ठेवा.” सासरेबुवा खदखदा हसले.

ऐसियास हंगामाचा अखेरचा सामना उभा राहिला. संध्याकाळी साहेबांचा करार संपणार, आणि क्लबाने मसलत करोन तो पुढे न चालविण्याचे ठरविले होते. म्हणजे त्या दिवशी न उठते, तर जन्माचे पंपाशेजारीच राहते. आपली फौज एका गोलाने वरचढ, परंतु सामना सरत आला तैसा गनिमाने जोर केला आणि बचावफळी हवालदिल जाहली. तेव्हां प्रशिक्षकांनी डोईची टोपी काढोन टक्कल पुसिले.

ही गुप्त इशारत होती. गोलरक्षक दुखावला तर खेळ थांबतो, हा कायदा. सबब टोपी निघाली की थोरल्यांनी मांडी धरोन कोसळावे, वैद्याने धावत जाऊन पाणी मारावे, आणि तेवढ्या अवकाशात प्रशिक्षकांनी सर्व शिलेदार कडेला बोलावोन नवा बेत सांगावा, ऐसा वहिवाटीचा बंदोबस्त. परंतु जुना वैद्य निवृत्त होऊन नवा डॉक्टर त्याच आठवड्यात रुजू जाहला होता, आणि ही वहिवाट त्यास दुसऱ्याने सांगितली असेल, ऐसे प्रत्येकाने गृहीत धरिले होते.

थोरले बिलाकसूर कोसळले. डॉक्टर धावले आणि मांडी चाचपो लागले. थोरले पुटपुटले, “अहो, मला काही झालेलं नाही. पाणी मारा आणि बसा दोन मिनिटं.”

“सगळे पेशंट असंच म्हणतात,” डॉक्टर म्हणाले.

मोठ्याने सांगावे तर पंच डोईवर उभे. वेळकाढूपणाबद्दल एक पिवळे कार्ड आधीच पदरी, ढोंग कबूल करिता दुसरे मिळोन हकालपट्टी होती आणि फौजेत एक असामी कमी पडती. मग थोरल्यांनी डोळा मारिला.

“डोळाही फडफडतोय! स्ट्रेचर आणा!”

बेत सांगता सांगता प्रशिक्षकांनी पाहिले तो आपला बुरूज चौघांचे खांद्यावरून चालला आहे. ते बाकाकडे वळोन ओरडले, “उठा!”

“मी?”

“नाही, तुमची उशी! उठा म्हणतो ना!”

राखीव साहेब उठले, आणि उठता कळोन आले की दोन्ही पाय आपले ताब्यात नाहीत. अतोनात बैठकीमुळे तळपायापासून मांडीपर्यंत मुंग्यांची अगणित फौज चढोन तिने ठायी ठायी ठाणी बसविली होती. स्वारी एक एक पाऊल मोजीत, मधेच थांबत, गोलात दाखल जाहली. प्रेक्षक म्हणाले, काय हा रुबाब!

इतक्यात गनिमाचा आघाडीवीर सर्व मोर्चे फोडोन एकटाच समोर आला. त्याची विद्या ऐसी की, गोलरक्षकास हूल द्यावी, तो एके बाजूस पडला की चेंडू दुसरे बाजूने सारावा. त्याने डावी हूल दिली. साहेब हलले नाहीत. मग उजवी दिली. साहेब हलले नाहीत. वीर थबकला आणि म्हणाला, “अरे, पड ना!”

“हलताच येत नाहीये हो,” साहेब खरे ते बोलले.

यात काही खोल डाव आहे, ऐसे जाणोन वीराचा धीर सुटला, आणि त्याने डोळे मिटोन चेंडूस लाथ हाणिली, तो थेट साहेबांचे पोटात बसला. साहेब दुमडले, चेंडू पायाशी पडला, आणि आयुष्यभराची जी एक विद्या अंगी मुरली होती ती कामास येऊन ते त्यावर बसले. गनिमाने ओढिले, ढकलिले, विनविले. बैठक अकरा वर्षांची, ती काय हलते! तोंच शिट्टी जाहली.

येणेप्रमाणे फत्ते होऊन हिशेब पुरा केला तो ऐसा. साहेबांचे नाव खेळाडूंत चढिले, करार वर्षाने वाढला, आणि पंपाशेजारी जागा मोकळी पडली तेथे उशी लिहिली. थोरल्यांस अब्रूखातर तीन आठवडे धडधाकट मांडीस प्लॅस्टर सोसावे लागले. डॉक्टरांची वाहवा जाहली. प्रशिक्षकांचा बेत काय होता, हे कोणास अद्याप कळले नाही.

घरी सासरेबुवांनी तक्रार गुदरिली, “शेवटची चार मिनिटं! ते काय उतरणं झालं?”

“बाबा, उठा,” कन्या म्हणाली.

मग ते उठले आणि चहा केला, आणि साखरेचे ठिकाणी मीठ पडिले. जावईबापूंनी तोंड वाकडे न करिता कप रिकामा केला, आणि अदबीने म्हणाले, “झकास झालाय. अजून अर्धा कप मिळेल?”

सबब खुर्चीतून उठणे दोन वेळा, दरोबस्त सासरेबुवांचे खाती.