टेंभेकरकाकांची पक्की खुशी

"उतारो शीशा! अभी के अभी उतारो!"

कारखान्याच्या गेटवर ठाकूर दरबान असा ओरडला, की तिकडे लांब सिहोऱ्याच्या म्हशींनी पान्हा चोरला असावा. पाळी सुटल्याचा भोंगा नुकताच वाजला होता. मागून सायकलींचा पूर लोटला होता आणि त्या पुराच्या तोंडाशी आमचे टेंभेकरकाका एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, असे बांध घालून उभे होते.

"काहून उतरवू?" काका म्हणाले.

"ऊपर से दुश्मन का जहाज देखेगा! चमका-चमकाके इशारा करते हो, बड्डे?" आमच्याकडे दादाला बड्डे म्हणतात.

लढाईचे दिवस होते. खिडक्यांना काळे कागद लागलेले, सायकलींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासलेला. त्या दिवसांत ठाकूरला कोणाच्या डब्यातलं लिंबाचं लोणचंही संशयास्पद वाटायचं. पण हा आरसा संशय येण्यासारखाच होता, हे मीही कबूल करतो. स्कूटरचा गोल आरसा काकांनी सायकलच्या हँडलला ठोकला होता आणि तोही मागचा रस्ता दिसावा म्हणून नव्हे. तो त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे वळवला होता! मागचं दिसत नसे, पुढचं ते पाहत नसत. रांझीच्या रस्त्यावरच्या बकऱ्यासुद्धा त्यांची घंटी ओळखून गटारात उड्या टाकत.

काका कारखान्यात एक्झामिनर होते. तयार झालेला बोल्ट गेजमध्ये घालायचा, नीट बसला तर पास, नाही तर "रिजेक्ट!" एवढंच काम. ते त्यांनी इतकी वर्षं केलं, की हळूहळू हाताची सवय डोक्यात चढली आणि त्यांनी माणसाच्या मनालाही गेज लावायला सुरुवात केली. खुशीचे दोन प्रकार, कच्ची आणि पक्की. कच्ची बाहेरून येते, पक्की आतून. "स्वतःले पाहा रे, स्वतःले," असं ते चहाच्या सुट्टीत आम्हा खरादवाल्यांना, म्हणजे लेथवर काम करणाऱ्यांना, सांगत. चहा तेवढा आमच्या पैशाचा असे.

एकदा आमच्यातल्या एकाची बढती झाली. त्यानं खोव्याच्या जलेबीचा पुडा आणला. काकांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"जीभ खुश होऊन राहिली," ते म्हणाले. "मी नाही होऊन राहिलो."

"मग बाकीची आम्हाला द्या ना, काका."

"थांब! आता संपत आली म्हणून दुःख होऊन राहिलं. पाहिलं? कच्ची खुशी. रिजेक्ट!"

डोळे उघडले तोवर उरलेला सगळा पुडा आम्ही पास करून टाकला होता.

माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं. स्टेजवर येऊन माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि सासऱ्यांदेखत निकाल दिला, "खुशी आहे, पण वरवरची आहे. आत पोचली नाही. पाहून घे." माझी बायको अजून अधूनमधून विचारते, पोचली का म्हणून.

आणि एवढं ज्ञान सांगणाऱ्या या महापुरुषाचा चेहरा कसा? मझौलीच्या बाजारात वांगी विकायला बसले असते, तर वांग्यांनीच गिऱ्हाइकांची माफी मागितली असती. कपाळावर आठ्या, त्या आठ्यांवर पोटआठ्या. कारखान्यातल्या कोणीही काकांना हसताना पाहिलं नव्हतं. काही जुने लोक शपथेवर सांगत, की त्यांना दातच नाहीत.

मग लढाई लागली. काकांचा एकुलता एक मुलगा सुरेश फौजेत, थेट सरहद्दीवर. त्याच आठवड्यात हँडलवर आरसा आला आणि काका हसायला लागले!

ते हसू म्हणजे ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना जॅक लावून उचलल्यासारखं. गेटमधून निघाले की आरशात पाहून हसायचे, ओठ खाली आले की पुन्हा वर चढवायचे. आत पाहता पाहता म्हातारा स्वतःच्याच प्रेमात पडला, असं आम्ही ठरवून टाकलं. मी तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाले, "चेहरा म्हणजे गेज आहे. सांभाळून राहिलो."

तर अशा त्या आरशाला ठाकूरनं हात घातला, एक हिसका दिला आणि तो उपटून केबिनमध्ये नेला. आणि राग आला की नुसता पाहायचा असतो, असं जन्मभर सांगणाऱ्या काकांनी त्याची कॉलर धरली! मराठीत सुरू केलेली शिवी हिंदीत संपवली. टोपी उडाली, डबा गडगडत गेला. चौघांनी मिळून त्यांना सोडवलं.

मला कुठला आवरतो मोह! "काय हो काका," मी म्हणालो, "राग पाहून राहिले का?"

"पाहायला आरसा कुठे आहे, गाढवा!"

घरं शेजारी असल्यामुळे आम्ही सोबतच निघालो. क्वार्टर्सच्या अलीकडच्या वळणावर काका उतरले. तोंड लालभडक, आठ्या सगळ्या हजर.

"तू पाहा," ते म्हणाले. "मी हसून राहिलो का?"

"नाही, काका."

"आता?"

"आता दाढ दुखल्यासारखं वाटते."

ते थोडा वेळ झटले. मग हँडलवर हात ठेवून उभे राहिले. "तुझी काकू दारात उभी असते रे. आधी माझं तोंड पाहते, मग पिशवी घेते. फौजेत लिहून द्यायला सुरेशला मी घरचा नाही, कारखान्याचा पत्ता देऊन ठेवला. फौजेची तार आलीच, तर तिच्या एकटीच्या हातात नको पडायला. तेव्हापासून ती माझ्या तोंडावर तार वाचते. म्हणून मी गेटपासूनच हसत जातो. आज जमूनच नाही राहिलं."

मी सायकल हातात धरून त्यांच्यासोबत चालायला लागलो.

वळण घेतलं तर काकू दारात उभ्याच होत्या. लपायला जागा नव्हती. काका तोच लाल, आठ्याळ चेहरा घेऊन पुढे गेले.

"दही आणलं?" काकूंनी विचारलं.

"नाही आणलं!" काका खेकसले आणि चपला भिरकावून आत गेले.

काकू बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता पायरीवरच बसल्या, आणि पदराचं तेच टोक डोळ्यांना लावलं.

"आत ये, शिरा करून देते," त्या मला म्हणाल्या. जणू सणच होता.

"काकू," मी म्हणालो, "काका इतके चिडून आले, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लग्न झाल्यापासून हे कधी हसत दारात आले नाही," काकू म्हणाल्या. "लढाई लागली अन् रोज हसत येऊन राहिले. मला रोज वाटायचं, तार आली."