सदूभाऊंना दिसलेला तडा

सदूभाऊ कुणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी भिंती बघतात. आमच्या नव्या खोलीच्या वास्तुशांतीला ते हातात पेढा घेऊन खिडकीपाशी उभे राहिले, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितनं जाणार." माझ्या बायकोने त्यांना दुसरा पेढा दिला नाही. दिवाळीला भिंत बरोबर तिथूनच तडकली.

पेणमध्ये शाडूचे गणपती करण्यात त्यांचा जन्म गेला. ओली मूर्ती फळीवर ठेवली की तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि कुठे तडकणार ते सांगून टाकायचं. माती जाड राहिली की आत ओल राहते, आणि राहिलेली ओल कधी ना कधी वाट काढतेच, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. तडा गेलेली मूर्ती त्यांनी कधी विकली नाही. एकदा चतुर्थी तोंडावर आलेली, आणि निडी गावचं एक गिऱ्हाईक दारातच बसलं, "बारीकच हाय, लिंपून द्या, कोण बघतंय?" सदूभाऊंनी त्याच्यादेखत मूर्ती परत मातीच्या टाकीत सोडली. "मी बघतोय ना," म्हणाले. गिऱ्हाईक शिव्या घालत गेलं आणि दुसऱ्या वर्षी मुकाट्याने पाट घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच आलं.

वहिनी गेल्यापासून घरात ते एकटेच. एकुलती मुलगी सुलू, ती रोह्यापलीकडे अष्टमी गावात दिलेली.

दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर सदूभाऊंनी स्वतःला मूर्तीसारखं वाळवायला घेतलं. पहिले आठ दिवस सावलीत. मग गच्चीवर कोवळ्या उन्हात, स्टुलावर बसून, दर अर्ध्या तासाने थोडं थोडं वळायचं. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून परत जायच्या. मी विचारलं तर मलाच ऐकवलं, "एकदम उन्हात ठेवला का तडकतो माणूस. मास्तर, तुमी शाळेत हे शिकवलं नाय."

दर तीन महिन्यांनी मुंबईला जाऊन रक्त तपासायचं होतं. पीएसए नावाचा एक आकडा असतो, ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्य हवा. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून मी सोबतीला. पहिल्याच खेपेला सदूभाऊंनी डॉक्टरांना विचारलं, "परत येणार का?"

"आज नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "आकडा वाढला तर किती दिवसांत दुप्पट होतो ते बघायचं. त्यावरून अंदाज बांधायचा."

"एवढी मशीनं आणलीत, आन् अंदाज? मी मूर्तीची नुसती मान बघून सांगतो." मग त्यांनी डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांच्या पोटाकडे बोट केलं. "तुमी हितनं जाणार. वेळेवर जेवत नाय." डॉक्टरांनी निमूटपणे खणातून आम्लपित्ताची गोळी काढली आणि तोंडात टाकली. पेण येईपर्यंत मी हसत होतो.

वर्षभर आकडा शहाण्यासारखा वागला. मग हलला. पुढच्या खेपेला दुप्पट, आणि त्याच्या पुढच्या खेपेला त्याच्या दुप्पट. डॉक्टर रेडिएशनचं सांगत होते, इंजेक्शनांचं सांगत होते, अजून उपाय आहेत म्हणत होते. सदूभाऊ मान हलवत होते. बाहेर बाकावर बसल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, आत ओल राहिली व्हती ना?"

वर्गात आयुष्यभर बडबड केलेला माणूस मी. मी रिपोर्टची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"सुलूला सातवा लागलाय," ते म्हणाले. "लग्नाला धा वर्षं झाल्यावर. तुमी जावा नि सांगा, रिपोर्ट चांगला आला. मी गेलो तर ती तोंडावरनं वळखंल."

ज्याने जन्मात एक तडा लिंपला नाही, त्याने मला लिंपायला पाठवलं. मला त्यांचा राग आला. स्वतःचा जास्त आला, कारण मी गेलो.

एसटीने रोह्याला उतरलो आणि पूल ओलांडून अष्टमीला पोचलो. सुलूने चहा ठेवला. वाटेत पाठ केलेलं वाक्य मी म्हणून टाकलं, की रिपोर्ट उत्तम आहे, डॉक्टर खूश आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी तीही त्याच मूर्तींच्या कारखान्यात वाढलेली.

"मास्तरकाका," ती म्हणाली, "चांगला असता तर बाबांनी तुमाला धाडलं नसतं. पयल्या गाडीनं सोता आले असते."

मी कपात बघत बसलो. ती आत गेली. मग डोळे पुसून, हातात डबा घेऊन बाहेर आली.

"खोबऱ्याच्या वड्या हायत. त्यांना सांगा, सुलू लय खूश झाली. दोनदा हसली म्हनून सांगा."

संध्याकाळी पेणला आलो तेव्हा सदूभाऊ दारातच उभे होते. मी डबा दिला आणि निरोप सांगितला.

"खरं मानलं तिनं?"

"दोनदा हसली," मी म्हणालो.

त्यांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. "बरं झालं," म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे न बघताच आत गेले.