दोन ठिपके आणि एक जाड रेघ

‘टोमणा आला गं दारी, त्याला चटई टाका, ज्याची माया ज्याच्यावर, तोच मारी हाका.’ लितिआनाची आई चटई विणता विणता हे गुणगुणायची. बाहेर ओट्यावर आईचा भाऊ अपेनिसा आणि त्याचा आत्येभाऊ साकिउसा एकमेकांची सालं काढत बसलेले असायचे. फिजीत मामे-आत्येभाऊ म्हणजे तवाले. तवाल्यानं तवाल्याची उडवायची नाही, तर मग कुणाची?

पुढे दोघंही समुद्री प्राण्यांचे शास्त्रज्ञ झाले. अपेनिसामामा सुव्यातल्या एका विद्यापीठात आणि साकिउसाकाका ओवालाऊ बेटावरच्या प्रयोगकेंद्रात. दोघांचा विषय एकच, राक्षसी शिंपला. तो किती वर्षांनी वयात येतो? मामा म्हणत सात, काका म्हणत पाच. ओट्यावरचं भांडण असं शोधनिबंधांत जाऊन बसलं आणि एकवीस वर्षं तिथून उठलं नाही.

लितिआना मामांच्याच विद्यापीठात संशोधन कचेरीत होती. कोण कुणाबरोबर लिहितो, कोण कुणाचा संदर्भ देतो, हे मोजणं तिचं काम. त्या वर्षी तिनं मोठ्या हौसेनं एक नवी रीत आणली. प्रत्येक संशोधक म्हणजे एक ठिपका. एकानं दुसऱ्याचा संदर्भ दिला की दोघांत रेघ. जितके संदर्भ जास्त, तितकी रेघ जाड आणि ठिपका मोठा. डिसेंबरात मामा निवृत्त होणार होते, आणि त्याआधी प्रोफेसर व्हायची ही त्यांची शेवटची खेप. त्यांच्या अर्जाला लितिआनानं आपणहून ते चित्र जोडलं. चित्र बघूनच समिती विरघळेल, असं भाचीला वाटलं.

चित्रात बाकीचे ठिपके मोहरीएवढे होते आणि दोनच नीरफणसाएवढे. त्या दोघांमध्ये जहाजाच्या नांगराला बांधावा तसा दोर.

समितीच्या अध्यक्ष पार्गेटरबाई ब्रिस्बेनहून आलेल्या. स्वभावानं गोड, पण नजर माशाचा काटा शोधणारी. त्यांनी दोरावर बोट ठेवलं.

“हे दोघं एकमेकांचे कोण लागतात?”

“तवाले, मॅडम. मामे-आत्येभाऊ.”

“म्हणजे नातेवाईक,” असं म्हणून बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

टिपलं ते भलतंच. उंटाच्या लग्नात गाढवानं गावं तसं इथं ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’ चाललंय, दोघं एकमेकांचे आकडे फुगवताहेत, असा समितीचा समज झाला. म्हणून एकमेकांना दिलेले संदर्भ वजा करावेत, असं ठरलं. लितिआनानं वजाबाकी केली. मामांच्या खात्यावर अकरा संदर्भ उरले. त्यातले नऊ मामांनीच मामांना दिलेले.

मामांनी ऐकलं आणि कसावाचा तुकडा हातातच ठेवला. ते एवढंच म्हणाले, की माझ्यावर चोरीचा आळ आला असता तरी चाललं असतं, पण मी साकिउसाचं कौतुक करतो हा आळ घेऊन मी घरी जाणार नाही.

चूक आपल्या चित्राची, तेव्हा निस्तरायचीही आपणच, असं ठरवून लितिआना आठवडाभर बसली. काकांनी मामांचा जिथं जिथं संदर्भ दिला होता ते प्रत्येक वाक्य तिनं उतरवून काढलं. एकशे त्रेचाळीस उतारे निघाले. ‘अपेनिसा यांनी शिंपल्याची वलयं मोजली आहेत, कोणत्या शिंपल्याची, ते त्यांनाच ठाऊक.’ ‘याउलट मत पाहायचं असल्यास अपेनिसा पाहावेत, मात्र जेवणानंतर.’

समितीत ते मोठ्यानं वाचले गेले. सदस्यांचे चहा निवले, एका वृद्ध सदस्याला ठसका लागला. पार्गेटरबाईंनी डोळे पुसले आणि हे आकडे फुगवणं नव्हे, असं कबूल केलं. लितिआनानं सुटकेचा श्वास घेतला, तो मात्र अर्धाच.

“पण मग असं बघ,” बाई म्हणाल्या, “यांना एकशे त्रेचाळीस वेळा चूक म्हटलंय. बरोबर कुणी म्हटलंय का?”

कुणीच म्हटलं नव्हतं. तेव्हा या विषयातल्या एका तरी जाणकाराचं पत्र आणा, शुक्रवारपर्यंत, असं ठरलं. आता एवढ्या मोठ्या समुद्रात तो शिंपला मोजणारी माणसं दोनच.

काकांकडं मागायचं म्हटल्यावर मामा म्हणाले, “त्यापेक्षा मी शिंपल्याचं पत्र आणतो.”

लितिआनानं त्यांना न सांगताच ओवालाऊची बोट पकडली. मागायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून पाण्यात कुटून प्यायच्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेतली आणि काकांसमोर मांडी घालून ती पुढं ठेवली. काकांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून ती स्वीकारली. पेला भरला, रिता केला, आणि मगच तोंड उघडलं.

“तुझा मामा प्रोफेसर झाला तर शिंपले तोंड मिटून घेतील गं.”

“काका, डिसेंबरात तो घरी जाईल. तसाच.”

काकांनी पेला उपडा ठेवला. मग कागद ओढला आणि लिहू लागले. लितिआनानं खांद्यावरून वाचलं. सातच वर्षं लागतात. अपेनिसा यांच्या दोन हजार नऊच्या निबंधानं ते निर्विवाद सिद्ध झालं आहे.

“नऊ सालीच पटलं होतं? मग पुढं बारा वर्षं उलट का लिहीत राहिलात?”

“पटलं म्हणून कळवलं असतं, तर तो पुढचं लिहिणार कुणासाठी होता?” काका म्हणाले. “आणि मी तरी?”

पत्र शुक्रवारी पोचलं. समितीनं एकमतानं मंजुरी दिली, आणि सोमवारी लितिआना मंजुरीचा कागद आणि काकांच्या पत्राची प्रत घेऊन मामांच्या खोलीत गेली. मंजुरी त्यांनी बाजूला सारली. पत्र मात्र दोनदा वाचलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“लिती, त्या नऊ सालच्या निबंधाला साकिउनं जे उत्तर दिलं होतं, ते वाचलंस?”

“वाचलं की. सगळ्यात जहरी तेच आहे.”

मामांनी उठून दार लावून घेतलं.

“ते वाचूनच मला पटलं होतं,” ते म्हणाले. “पाचच वर्षं लागतात.”